कुलपातली काळी पिल्लं

तुम्ही आजवर किती जीव वाढवलेत? पोरंबाळं सोडा, ती बायको वाढवते. स्वतःच्या हातानं, उपाशी न मारता आणि जास्त खायला घालूनही न मारता, असा एक तरी? नसेल, तर धुळा वस्तादाला हसायचा हक्क तुम्हाला नाही.

धुळा मूळचा जतकडचा, धनगराचा. कृष्णाकाठच्या एका छोट्या संस्थानाच्या तालमीत त्यानं वीस वर्षं पोरं घडवली. गुडघा गेला तसं त्याला तालमीतून काढून बागेत टाकलं. काम काय, तर राजेसाहेबांनी मुंबईहून आणलेले सोनेरी मासे सांभाळायचे. राहायला बागेतलीच एक खोली. ज्याच्या हाकेनं आखाडा गप्प व्हायचा, तो आता हौदाच्या काठावर पाय लांब करून माशांची तोंडं बघत बसायचा.

युद्ध संपलं त्याच्या दुसऱ्या साली, पाडव्याच्या सुमाराला माशांनी अंडी घातली. चार-पाच दिवसांत पाण्यात शेकडो पिल्लं दिसू लागली, पापणीच्या केसाएवढी. संस्थानच्या कारभाऱ्यानं निरोप धाडला: गणपतीला बडे पाहुणे येणार, दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत निदान चाळीस सोनेरी मासे दिसले पाहिजेत. नाहीतर खोली खाली कर.

वस्तादाला खुराक एकच ठाऊक. त्यानं बदाम उगाळले, दुधात कालवले आणि दिले पाण्यात ओतून. दुसऱ्या दिवशी पाणी नासलं आणि निम्मी पिल्लं पोट वर करून तरंगली.

"आवं, मोहरीएवढं बी पोट न्हाई त्यांचं," बायको अंजना म्हणाली. "तुमी काय त्यांस्नी कुस्तीच्या फडात उतरवताय?"

धुळा तणतणत दिवसभर मेलेली पिल्लं उपसत राहिला. संध्याकाळी मात्र गुपचूप एक अंडं उकडून तिच्यापुढं ठेवलं. अंजनानं पिवळा बलक फडक्यात बांधला आणि पाण्यात नुसता हलवला. धुरासारखा पसरला, तेवढाच. दिवसातून चार वेळा, चिमूटभर. तळाची घाण रबरी नळीनं ओढून काढायची आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी अलगद सोडायचं. पुढं अंगानं जरा भरल्यावर डासांच्या बारक्या अळ्या. मोठी पिल्लं लहानांना गिळायला लागली, तेव्हा धुळानं दोन टोपल्या भरतील एवढ्या शिव्या दिल्या आणि दोन हौद केले. "तालमीत बी जोड बघूनच कुस्ती लावत्यात," तो म्हणाला.

आषाढात तगलेली ब्याऐंशी पिल्लं बोटाच्या पेराएवढी झाली. चपळ, भरलेली. पण सगळी काळपट, चुलीवरच्या काजळीच्या रंगाची.

कारभारी आला, हौदात वाकला. "धुळ्या, ओढ्यातले मासे कुणाला दाखवतोस? खरी पिल्लं मारलीस आणि जाळं ओढून आलास."

"न्हाई सरकार. जातच अशी हाय. बारकेपणी काळी, मग पालटत्यात. ह्या तिघांच्या पोटाला बघा, तांबूस झाक आलीया."

"उद्या कुठूनतरी सोनेरी आणून टाकशील आणि म्हणशील, पालटली."

तालीम असती तर कारभारी त्या क्षणी धोबीपछाड खाऊन आडवा झाला असता. इथं खोलीचा सवाल होता. धुळानं हात जोडले. "मग तुमच्याच कुलपात ठेवा. किल्ली तुमच्या कमरेला. मी हात बी लावत न्हाई."

कारभारी खूश. चोर आपल्या पायानं कोठडीत येतोय. त्यानं पिल्लं मोजून दोन पेट्यांत कचेरीत हलवली, दाराला कुलूप घातलं. तेव्हा धुळा हळूच म्हणाला, "पर त्यांस्नी चारदा खायाला लागतंय. आन किल्ली दुसऱ्याच्या हातात दिलीसा, तर पिल्लं बदलली कुणी, हे कसं कळायचं?"

दुसऱ्या दिवसापासून संस्थानचे कारभारी चारदा कुलूप उघडू लागले. धुळा खिडकीबाहेर उभा.

"चिमूट धाकटी करा, सरकार. लगीन न्हाई त्यांचं."

"अळ्या कुठून आणू?"

"तुमच्याच परसातल्या हौदातनं. गावात इतक्या कुठंबी न्हाईत. दर साली गाव तापानं फणफणतंय ते काय उगीच?"

नळीनं घाण ओढताना कारभाऱ्याच्या तोंडात घोटभर पाणी गेलं. धुळानं बाहेरून गंभीरपणे सांगितलं, "गिळू नगासा. त्यात एखादं पिल्लू असलं तर मोजदाद चुकंल."

श्रावणात पोटाचा तांबूसपणा कुशीवर चढला. गणपतीच्या आदल्या दिवशी एकसष्ट मासे सोन्यासारखे लखलखत होते. बाकीची एकवीस काळीच राहिली, त्यांची मर्जी. बदलली म्हणायला कारभाऱ्याला तोंड नव्हतं. किल्ली त्याच्याच कमरेला होती. धुळाची खोली शाबूत राहिली.

पण कारभारी तो कारभारीच. पाहुण्यांपुढं म्हणाला, "आम्ही जातीनं वाढवली." राजेसाहेबांनी पेटीखाली पितळी पाटी ठोकली, तिच्यावर एकट्या कारभाऱ्याचं नाव. म्हणून इथं ते लिहिलेलं नाही, त्याला पाटी पुरे.

तेव्हा तुम्ही कधी त्या दिवाणखान्यात गेलात, तर खिशात खडू असू द्या. शिपायाची पाठ फिरली की पाटीखाली दोन नावं लिहा: धुळा, अंजना. पकडले गेलात, तर हा कागद दाखवा.