तोडपाणी नाही

अर्डिस ट्वेटला शहाणं करण्याचा प्रयत्न मोंटानातल्या त्या छोट्या गावात बऱ्याच जणांनी करून पाहिला होता. सगळ्यात चिकाटीने ऑर्वलने. ऑर्वल शाळेत गणित शिकवायचा आणि अर्डिस त्याच शाळेची पिवळी बस चालवायची. दोघं निवृत्त झाले, पण त्याची शिकवायची खोड काही गेली नाही. दर शनिवारी दुपारी ड्वेनच्या बारमध्ये पोकरची स्पर्धा असे, आणि दर शनिवारी पत्ते पिसले जाण्याआधी ऑर्वल कॉफीचा मग पुढ्यात घेऊन तेच पुराण लावी.

"साठ डॉलर भरतेस. त्यातले वीस ड्वेन आधीच जागेची नाल म्हणून काढून घेतो. बक्षिसात जातात फक्त चाळीस. मोठ्या कसिनोत दहावा हिस्सा घेतात, अर्डिस. इथे जगातला सगळ्यात हुशार माणूस आणून बसवला तरी वर्षाअखेर तो खड्ड्यातच जाईल."

"मग तू कशाला येतोस?"

"घरी हेलन कपाटं आवरायला लावते."

"माझी आवरून झालीत. गप बस आता, मास्तर."

ऑर्वलच्या हिशोबात चूक नव्हती, हे तिलाही कळत होतं. पण मोठा कसिनो खिंडीपलीकडे होता, आणि बर्फातून गाडी हाकायची तिची हौस बस चालवतानाच पुरती फिटली होती. शिवाय तिथे खेळायचं कोणाशी? इथे समोरचा माणूस थाप मारताना कान खाजवतो हे तिला ठाऊक होतं, कारण शाळेत असताना बस चुकल्याची थाप मारतानाही तो कानच खाजवायचा. वीस डॉलर जास्त होते, अगदी उघड उघड जास्त होते. पण ते देऊन दुपारभर खेळायला मिळत असेल तर तिची तक्रार नव्हती.

तिची तक्रार वेगळीच होती. या स्पर्धेत दर डावाला सक्तीने लावायच्या चिप्स दर पंधरा मिनिटांनी दुप्पट होत. शेवटचे तिघं-चौघं उरेपर्यंत सगळ्यांच्या नाकाशी पाणी आलेलं असे. मग कोणीतरी घसा खाकरून म्हणे, तोडपाणी करू या. बक्षिसाचे सारखे हिस्से पाडायचे, हात मिळवायचे आणि घरी जायचं. रीतच होती तशी. नाही म्हणणारा माणूस हावरट ठरे. आणि ड्वेन काउंटरमागे खुशीत ग्लास पुसत असे, कारण चारच्या आत टेबल मोकळं झालं की तिथे रानातून परतलेले हरणांचे शिकारी येऊन बसत, रोख पैशांवर खेळत आणि त्याला प्रत्येक डावामागे नाल मिळे.

फी फार म्हणून आधी बोंब मारायची आणि फी देऊन जे विकत घेतलं तेच आपल्या हाताने ड्वेनला परत करायचं! असला गाढवपणा अर्डिसला सहन होईना. रीत अशी की एकाने जरी मोडता घातला तरी तोडपाणी होत नाही. तिने दोन शनिवार मोडता घातला. दुसऱ्या शनिवारी शिकारी कंटाळून रस्त्यापलीकडच्या बारमध्ये निघून गेले.

म्हणून या शनिवारी ड्वेनने खेळाआधीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "चारनंतर जो तोडपाणीला नाही म्हणेल, त्याला पुढच्या शनिवारपासून इथे खुर्ची नाही. मी कोणाचं नाव घेत नाही."

"घे की," अर्डिस म्हणाली. "माझं नाव तुला पहिलीपासून येतं."

लोक हसले, पण ऑर्वल हसला नाही. गावात पोकरची दुसरी जागा नव्हती. अर्डिसची ही खुर्ची गेली असती तर तिचे शनिवारच गेले असते, आणि हे त्याला तिच्याइतकंच कळत होतं.

खेळ सुरू झाला. एकेक जण बाद होऊन काउंटरवर चिलीचं गरम कालवण खायला जात राहिला. चार वाजले तेव्हा टेबलावर तिघंच उरले होते: ऑर्वल, तो कान खाजवणारा कोडी नावाचा वायरमन आणि अर्डिस. तिच्यापुढे चिप्स सगळ्यात कमी. दारापाशी नारिंगी जाकिटातले शिकारी येऊन उभे राहिले होते.

"तोडपाणी करू या," ऑर्वल नेहमीप्रमाणे म्हणाला. मग हळूच तिच्याकडे वाकला. "हे बघ, तू तिसरी आलीस तर दीडशे मिळतील. सारखे हिस्से केले तर अडीचशेच्या वर. फायदा तुझाच आहे. आणि खुर्चीही राहील."

"मला कळतं गणित."

"मग?"

"मास्तर, दुपारपासून तूच रडतोयस ना, ड्वेन लुटतो म्हणून? वीस डॉलर त्याने पत्ते वाटायचे घेतलेत. मग वाटू देत की शेवटपर्यंत. त्याला घाई झाली म्हणून मी का उठू?"

ड्वेन टेबलाशी आला. लहानपणी तिच्या बसमधून उतरायचा तसाच, खांदे पाडून. "मिसेस ट्वेट, मला वाईटपणा घ्यायला लावू नका."

"तू घे वाईटपणा, मी माझी पानं घेते. रोंडा, टाक."

पत्ते वाटणाऱ्या रोंडाने मालकाकडे पाहिलं, मग अर्डिसकडे पाहिलं आणि पानं टाकली.

अर्डिसला राणी आणि दश्शी आली. तिने होत्या नव्हत्या तेवढ्या चिप्स पुढे सारल्या. कोडीने कान खाजवला नाही, सरळ तेवढ्याच चिप्स लावल्या. त्याच्याकडे एक्का होता, आणि टेबलावर पाच पानं उलटून झाली तरी तिला ना राणी लागली ना दश्शी. संपलं. दीडशे डॉलर, आणि खुर्चीही गेली.

"चांगला खेळलास," ती कोडीला म्हणाली. मात्र ती उठली नाही.

ड्वेनने सुटकेचा श्वास टाकला. "चला. आता तुम्ही दोघं तोडपाणी करताय ना, सर?"

ऑर्वल आपल्या चिप्सकडे बघत बसला. कोडीच्या चिप्स त्याच्या दुप्पट होत्या. अर्धंअर्धं करण्यात त्याचाच फायदा होता, आणि ते त्याच्याहून चांगलं कोणाला कळणार?

"रोंडा," तो म्हणाला, "पानं टाक."

"सर, मी काय सांगितलं होतं..."

"ऐकलं मी. माझीही खुर्ची काढ मग." त्याने कोडीकडे पाहिलं. "तुझं काय?"

"मी तर जिंकतोय," कोडी म्हणाला. "मी कशाला थांबू?"

काउंटरवरची मंडळी चिलीचे वाडगे हातात घेऊन टेबलाभोवती गोळा झाली. ड्वेनने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. एवढ्या खुर्च्या काढल्या तर शनिवारी नाल कोणाची काढायची, हा हिशोब त्यालाही येत होता. तो दारापाशी गेला आणि शिकाऱ्यांना म्हणाला, अजून वेळ लागेल, तोवर बिअर घ्या.

अर्डिसने आपली खुर्ची टेबलाला आणखी जवळ ओढली. "नीट पीस, रोंडा," ती म्हणाली. "पैसे भरलेत आम्ही."