हाकेची वाट बघणारी

दुपारी आई हिंदीत डब केलेली कोरियन मालिका बघते. तिला त्यातल्या बायका फार आवडतात. "कशा ताठ बोलतात बघ," म्हणते, "आणि पोटभर जेवतात."

सध्याच्या मालिकेत एक मेलेली बाई आहे. केस मोकळे सोडून दारोदार फिरते. कुणाला छळत नाही, एवढंच म्हणते, "मला माझ्या नावानं हाक मारा." मेल्यावरही हट्ट न सोडणाऱ्या त्या बाईचं मला कौतुकच वाटतं.

काल ती दारात पाठमोरी उभी असतानाच वीज गेली. टीव्हीच्या काळ्या काचेत केस मोकळे सोडलेली एक बाई उरली. ती नुकतीच न्हालेली आई आहे, हे कळेपर्यंत माझ्या अंगावर काटा आला होता.

आई काचेकडे बघत हळूच म्हणाली, "इंदू."

आईचं नाव वसुधा. घरात इंदू कुणीच नाही.

"कोण गं इंदू?"

"लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहिलं ना, त्याच्या आधीची मी."

हाक थांबली की माणूस कुठे जातं? वीज आली, तशी मी चाचरत हाक मारली, "इंदू..."

आई जागची हलली नाही. पडद्यावरच्या बाईनं मात्र सावकाश वळून पाहिलं.