सुरमईचा दुसरा तुकडा

अंदमानातल्या त्या बेटावर समुद्र इतका निळा, की फोटोत खोटा वाटावा. किनाऱ्यावर माडांखाली एका बाईंची खाणावळ होती. नारळाच्या रसातली त्यांची सुरमई खाण्यासाठी आम्ही रोज दुपारी तिथेच जायचो. शेवटच्या दिवशी मी दुसरा तुकडा मागून घेतला आणि पाहिलं, तर त्या बाई समुद्राकडे पाठ करून डाळभात जेवत होत्या.

"ताई, तुम्ही मासे खात नाही?" मी सहज विचारलं.

"पूर्वी खायचे. आवडायचे," त्या म्हणाल्या. "त्सुनामीत माझी मुलगी गेली. सापडलीच नाही. त्यानंतर इथल्या बऱ्याच घरांनी मासे सोडले. माशांनी काय खाल्लं, कसं कळणार? तुम्ही जेवा, तुम्ही पाहुणे."

इतक्या वर्षांत माशांच्या किती पिढ्या उलटल्या असतील, असं माझ्या मनात आलं आणि स्वतःचीच किळस आली. आईला असलं गणित कोण सांगणार?

त्यांच्यादेखत ताटात टाकवेना. मीही खुर्ची फिरवली, समुद्राकडे पाठ केली आणि तो तुकडा संपवला.

चव कालच्याइतकीच छान होती.