सहाव्या खणातलं एक मिनिट

फ्रेंच माणसाची गोष्ट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पॅरिस, वाइन आणि एखादी सुंदर बाई आली असेल. सॉरी यार. इथे न्यू जर्सीतल्या एका म्युझियमची मागची खोली आहे, मेलेले पक्षी आहेत आणि मी आहे.

दोनशे वर्षांपूर्वी एक फ्रेंच माणूस पक्ष्यांचा अभ्यास करत अमेरिकाभर फिरला. अभ्यास म्हणजे आधी गोळी घालायची, मग कापूस भरायचा, मग पायाला चिठ्ठी बांधायची. त्या चिठ्ठ्या आणि त्याच्या वह्यांचं इंग्रजी भाषांतर मी कॉम्प्युटरवर चढवतो. हातात ग्लव्ह्ज घालून, कारण कीड लागू नये म्हणून कातड्यांना आर्सेनिक फासलंय.

सहाव्या खणात पोपट आहेत. हिरवे, पिवळ्या डोक्याचे. अख्खी जात संपली. वहीत त्यांच्या पंखांची लांबी आहे, डोळ्यांचा रंग आहे, पोटात सापडलेल्या बिया आहेत. एक पडला की बाकीचे पळत नसत, ओरडत त्याच्याचभोवती परत येत, म्हणून मारायला सोपे, हेही आहे. म्हणजे दुपारभर याने तो आवाज ऐकला. आणि लिहिलं काय, तर कर्कश. बस, एक शब्द.

ते टाइप केलं त्या दिवशी डबा तसाच परत नेला. शाळेत मी हेडसरांपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचो. हा एक मला कधीच येणार नाही. कुणालाच येणार नाही. रेकॉर्डिंगच नाही.

मला इथे चिकटवलं नागपूरच्या काकूंनी. त्या इथल्या गाइड. शाळेची पोरं आली की त्या शेवटी सहावा खण उघडतात आणि म्हणतात, "आता याचा आवाज ऐका." मग एक मिनिट सगळे गप्प. काहीच ऐकू येत नाही. तेच तर ऐकवायचं असतं.

परवा मी कपाटामागे होतो. चाळीसेक सेकंद झाली असतील. मला ती शांतता सहनच होईना. तोंडातून आवाज निघून गेला. पुसदच्या आमच्या शाळेमागचा, पेरूवरचा पोपट.

पोरांनी टाळ्या पिटल्या. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ती एकदम हसली. "सो देअर्स वन लेफ्ट?"

काकूंनी खण लावून टाकला.

पोरं बसकडे निघाली ती माझाच आवाज काढत. कॉरिडॉरभर पुसद.

"ऐकतोयस?" काकू म्हणाल्या. "काय करून ठेवलंस रे हे?"

"काकू, राहवलं नाही..."

"राहवलं नाही म्हणे! त्या फ्रेंच बाबालाही राहवत नव्हतं. पण मारले ते लिहून तरी ठेवलं त्याने. ती पोरगी रडणार होती. रडू द्यायचं होतं तिला! आता घरी जाऊन आईला सांगेल, एक उरलाय म्हणून. जा, बस उभी आहे अजून. चढ वर आणि सांग तिला, एकही नाही. आणि गाढवा, सांगताना स्वतःच्या आवाजात सांग."