आकारामदादांची तार

हुपरीचे आकारामदादा चव्वेचाळीस वर्षे चांदीचे पैंजण घडवत आले. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी, एवढीच आमची ओळख. २००३ च्या मार्चमध्ये मी माझ्या लेकीला, संघप्रियाला घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले, कारण दुसरे दारच उरले नव्हते.

संघप्रिया कोल्हापुरात पीएच.डी. करत होती. केसाहून कितीतरी पातळ थरांतून उष्णता कशी वाहते, हे ती सूक्ष्मदर्शकाने मोजायची. तापवलेले तारेचे टोक थरावरून फिरते. जिथे थर जास्त उष्णता ओढतो तिथे ते निवते, आणि संगणक त्याचे चित्र काढतो. ते टोकच मोडले. परदेशातून नवे यायला सहा महिने. शिष्यवृत्ती संपायला तीन आठवडे. पोरगी जेवत नव्हती आणि मला काही सुचत नव्हते.

उरली होती बोटभर कच्ची तार. वर चांदी, आत प्लॅटिनमचा डोळ्याला जेमतेम दिसणारा धागा. तार टोकदार वाकवून तेवढ्याच जागची चांदी ॲसिडने उतरवायची होती. तारेचे जेमतेम दोन तुकडे निघाले, म्हणजे संधीही दोनच.

"एवढंच व्हय?" दादांनी पहिला तुकडा चिमट्याने वाकवला, ॲसिडचा थेंब लावला. चांदी उतरली. संघप्रिया हसणार, तोच त्यांनी फडक्याने टोक पुसले. धागा तुटला.

"दादा, पुसलंत कशाला?"

"उजाळा दिल्याबिगर माल हातावेगळा केला न्हाय कधी, पोरी." दादा ओशाळले.

दादांनी फडके माझ्या हातात कोंबले. "बाई, हे धरा. मागितलं तरी देऊ नका."

दुसरा तुकडा वाकला. चांदी उतरली. आणि दादांचा हात आपोआप माझ्याकडे आला! मी फडके पाठीमागे लपवले.

"द्या की!"

"न्हाय देत!" मी ओरडले.

दादा भानावर आले आणि खो खो हसले. "मास्तरीण खमकी हाय."

चार दिवसांनी दादा प्रयोगशाळेत आले. टोक फिरू लागले. पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली, आणि बघता बघता थराचे काळेपांढरे कण लख्ख दिसू लागले. संघप्रियाने आधी दादांना मिठी मारली, मग मला.

प्रबंध वेळेत गेला. आभारांत पहिले नाव आहे, "आकाराम, पैंजण कारागीर, हुपरी." ते वाचून दादा म्हणाले, "आता तरी माझं फडकं द्या, बाई."

मी अजून दिलेले नाही.