लाल दोऱ्याची पऱ्हाटी

एकोणीसशे साठनंतरच्या त्या वर्षांत मी अकोल्याहून नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. बातमी आटली की शहराबाहेरच्या सरकारी शेतावर सायकल काढायची, हा शिरस्ता होता. तिथले कापूस-संशोधक साहेब पुण्याचे. तुडतुडे हा रस शोषणारा किडा ज्याच्या वाटेला जाणार नाही, असे वाण त्यांना काढायचे होते. चार हंगाम संकर करून हाती पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाचे, एकच झाड लागले होते. पानांवर दाट लव. शेजारच्या ओळींची पाने कडांनी लाल पडून वळली तरी हे हिरवेगार. त्याच्या बोंडांना त्यांनी खुणेचा लाल दोरा बांधला होता. पुढचे सगळे बियाणे या बोंडांतल्या सरकीतूनच यायचे होते.

वेचणीच्या पहिल्या सकाळी साहेब आणि मी पोचलो, तर त्या झाडाची बोंडे रिकामी. बुंध्याशी पाच दगड, कुंकू आणि दहीभात.

वऱ्हाडात पहिल्या वेचणीला बाया सीतादही करतात. चांगले झाड पाहून पुजतात आणि त्याचाच कापूस आधी वेचतात.

"हेच झाड का वेचलंत?" संशोधकांनी विचारले.

"मंग कोणतं वेचाव?" वेचणाऱ्या बायांतली म्हातारी म्हणाली. "बाकीच्याईले तुडतुडे लागले. अन् दोरा तं तुमीच बांधला न, साहेब! आमाले वाटलं, पुण्याचा असून मानूस धरमाचा हाय."

बाया पदरात तोंड लपवून हसल्या.

"कापूस कुठे आहे?"

"माह्या सुनेनं घरी नेला. वाती कराले."

"आणि सरकी?"

"सरकी गाईले."

साहेबांनी माझीच सायकल घेतली. मी धावत गावात पोचलो तेव्हा सून अंगणात बसून कापसातली सरकी बोटांनी सोडवत होती, गाय दावे ताणून सुपाकडे मान लांबवत होती आणि साहेब सरकीचे सूप छातीशी धरून उभे होते.

"अवो साहेब," सून म्हणाली, "सरकीतला कचरा तं निवडू द्या!"

ओंजळभर सरकी वाचली. ती पेरली गेली. पुढच्या हंगामात दोरे बांधण्याआधी साहेबांनी म्हातारीला ओळींतून फिरवले. ती जिथे थांबली, तिथे दोरा. सीतादहीसाठी मात्र त्यांनी कडेचे एक बिनदोऱ्याचे झाड दाखवले.

म्हातारीने पान उलटून पाहिले. "याले तं तुडतुडे हायेत. देवाले असं देता काय, साहेब?"

साहेबांनी एका चांगल्या झाडाचा दोरा सोडला. सरकी मात्र परत द्यायची, हे आधी कबूल करून घेतले.