पलीकडच्या काठावरची होडी

सोल्वे आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहतो. आयुष्यभर बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर दुसरं काही हाताशी उरलं नाही म्हणून आम्हाला चालवू लागला. सामाईक धुलाईखोलीत माझी ठरलेली वेळ संपली रे संपली की हा दारात उभा. "बाई, घड्याळ बघता येतं ना?" त्याची बायको मायलिस मागून मला खुणावायची, मनावर घेऊ नकोस. पण मागच्या उन्हाळ्यापासून तो कोणालाच काही बोलत नाही. का, ते एकदा त्यानेच मला सांगितलं.

दर उन्हाळ्यात ही दोघं पाठीवर बिऱ्हाड घेऊन उत्तरेच्या डोंगरवाटेने चालतात. वाटेत एक लांबट तळं आडवं येतं. तिथे तीन होड्या ठेवलेल्या असतात, आणि दोन्ही काठांवर कायम एक तरी होडी राहिली पाहिजे, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. आपल्या काठावर एकच असली, तर तिने पलीकडे जायचं, तिथली एक मागे बांधून परत आणायची, ती इथे सोडून पुन्हा पलीकडे जायचं. म्हणजे तळं तीनदा ओलांडायचं. हे न करणाऱ्यांना सोल्वेने दर वर्षी चारचौघांत झापलेलं आहे.

त्या दिवशी काठावर एकच होडी होती. पाऊस लागलेला, वारा समोरून. पलीकडे पोचेपर्यंत सोल्वेचा खांदा भरून आला. मायलिस उतरून दुसऱ्या होडीचा दोर सोडायला लागली.

"राहू दे गं," तो म्हणाला. "मागे चिटपाखरू नाही. सकाळी मी नेऊन ठेवतो."

"आणि त्याआधी कोणी आलं तर?"

"या असल्या हवेत कोण कडमडतंय?"

"दुसऱ्याने असं केलेलं तू चालवून घेतलं असतंस?"

त्याने ओझं पाठीला लावलं आणि वाटसरूंच्या मुक्कामाच्या घराकडे चालू लागला. एकटीच्याने दोन होड्या ओढवणार नव्हत्या, म्हणून तीही निघाली.

संध्याकाळी सगळे वाटसरू चुलीभोवती दाटीवाटीने जेवत होते. निघताना चुलीतली राख कशी काढायची, ते सोल्वे एका तरुण जोडप्याला शिकवत होता. तेवढ्यात घर सांभाळणारी सिव दुर्बीण घेऊन आत आली.

"पलीकडे कोणीतरी हात हलवतंय, आणि तिकडे एकही होडी नाही. सगळ्यात शेवटी कोण आलं?"

सोल्वे बशीत बघत राहिला.

"आम्ही," मायलिस म्हणाली. "मीच त्याला म्हटलं, राहू दे. दमले होते."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आणि जन्माच्या सवयीने सोल्वेच्या तोंडून निघून गेलं, "तरी मी सांगत होतो."

हे ऐकताना मलाच त्याच्याकडे बघवेना. मनात म्हटलं, मेल्या, निदान गप्प तरी बसायचंस.

"नवऱ्याचं ऐकलं असतंस तर बरं झालं असतं," सिव मायलिसला म्हणाली.

"हो," मायलिस म्हणाली आणि बूट चढवायला लागली.

एक होडी मागे बांधून दोघं परत गेली. पलीकडे सोल्वेच्याच वयाचा एक माणूस दगडाआड कुडकुडत बसला होता. ओठ निळे पडलेले, बोटं इतकी गारठलेली की कोटाची बटणं लावता येत नव्हती. ती मायलिसने लावली, आपला मफलर त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला. "माफ करा हो, चूक माझी झाली," ती म्हणाली. त्याने नुसती मान हलवली. सोल्वेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मागे बांधून आणलेली होडी त्यांनी तिथे सोडली आणि तिघं निघाली. तो माणूस टोकाशी डोळे मिटून बसला होता. सोल्वे वल्हवत होता, मायलिस समोर. तळ्याच्या मध्यावर आल्यावर त्याने वल्ही उचलून धरली.

"मुक्कामाच्या घरी पोचलो की सगळ्यांना सांगतो, तो मीच होतो म्हणून."

तिने त्याच्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं, असं तो मला म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "मघाशी सांगायचं होतंस. आता सांगितलंस, तर मी खोटारडी ठरेन आणि तू प्रामाणिक."

त्याने वल्ही पुन्हा पाण्यात घातली.